हॅरी प्राइस

हॅरी प्राइस (जन्म : लंडन, १७ जानेवारी १८८१, मृत्यू : पुलबरो, ससेक्स, २९ मार्च १९४८) हे झपाटलेली घरे, प्रेतात्म्यांशी संवाद साधण्याचा दावा करणारी माध्यमे आणि तत्सम चमत्कारांचा शोध घेणारे इंग्लिश हौशी संशोधक, जादूगार व लेखक होते. चरितार्थासाठी ते कागदाच्या व्यवसायात फिरते विक्रेते म्हणून काम करीत; विज्ञानाची कोणतीही पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरीही दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात ब्रिटनमध्ये भुताखेतांच्या तपासाचा विषय निघाला की सर्वप्रथम त्यांचेच नाव घेतले जाई. अनेक नामांकित माध्यमांची लबाडी त्यांनी उघडकीस आणली. इसेक्स काउंटीतील बोर्ली रेक्टरी या वास्तूला इंग्लंडमधील सर्वाधिक झपाटलेले घर अशी ओळख मिळाली तीही त्यांच्यामुळेच. त्यांच्या मृत्यूनंतर मात्र या वास्तूतील काही प्रकार त्यांनी स्वतःच घडवले असावेत असा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांत त्यांचे जुने सहकारी होते.

पूर्वायुष्य

प्राइस यांचे वडील एडवर्ड हे आधी किराणा व्यापारात आणि नंतर कागद कारखान्याच्या विक्री विभागात होते. आपल्या ‘सर्च फॉर ट्रुथ’ (१९४२) या आत्मचरित्रात प्राइस यांनी स्वतःचे मूळ श्रॉपशायरमधील सुखवस्तू घराण्यात असल्याचे भासवले आहे. जन्माच्या नोंदीवरून ते लंडनच्या रेड लायन स्क्वेअर भागात जन्मल्याचे दिसते. त्यांचे शालेय शिक्षण लंडनमधील न्यू क्रॉस येथे झाले. शाळकरी वयातच त्यांनी एक नाट्यमंडळी काढली आणि तिच्यासाठी छोटी नाटके लिहिली. त्यांतील एक नाटक श्रॉपशायरमधील एका जुन्या वाड्यात आपल्याला आलेल्या भुताटकीच्या अनुभवावर आधारलेले होते, असे ते सांगत.

जादूच्या प्रयोगांची गोडी त्यांना लहानपणीच लागली. श्रूजबरीच्या बाजारात सेक्वा नावाने फिरणाऱ्या एका औषधविक्याचा हातचलाखीचा खेळ पाहून आपण या विद्येकडे वळलो, असे त्यांनी नमूद केले आहे. तरुणपणी जुनी नाणी जमवण्याचा छंदही त्यांना जडला. ससेक्समधील वृत्तपत्रांतून ते पुरावस्तूंविषयी लिहीत. याच काळात रोमन सम्राट होनोरियसच्या काळातील म्हणून त्यांनी पुढे आणलेली चांदीची लगड तज्ज्ञांनी बनावट ठरवली. पुढील चरित्रकारांनी या प्रसंगाला बरेच महत्त्व दिले आहे.

१ ऑगस्ट १९०८ रोजी कॉन्स्टन्स मेरी नाइट यांच्याशी त्यांचा विवाह झाला. दांपत्याने पुलबरो या गावी बिऱ्हाड केले आणि प्राइस अखेरपर्यंत तेथेच राहिले. पत्नीकडून मिळालेल्या आर्थिक स्थैर्यामुळे त्यांना आपल्या छंदांसाठी सवड व पैसा मिळाला, असे मानले जाते.

माध्यमांची तपासणी

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील लाखो कुटुंबांनी तरुण मुले गमावली होती. त्या दुःखातून परलोकविद्येला मोठी मागणी आली. मृत मुलाचा आवाज ऐकवणारी, त्याची छाया छायाचित्रात उमटवणारी माध्यमे गावोगावी निघाली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे या पंथाचे सर्वांत प्रसिद्ध प्रचारक होते. प्राइस १९२० साली सोसायटी फॉर सायकिकल रिसर्च या संस्थेचे सदस्य झाले. १८८२ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत प्राध्यापक व उमराव मंडळींचा भरणा होता. हातचलाखी जाणणारी माणसे तेथे फारशी नव्हती आणि प्राइस यांची ताकद नेमकी तीच होती.

१९२२ मध्ये त्यांनी विल्यम होप या आत्म्यांच्या छायाचित्रकाराला पकडले. होप ग्राहकाचे छायाचित्र काढीत आणि त्यात मागे मृत नातलगाचा धूसर चेहरा दिसे. प्राइस यांनी काचेच्या प्लेट बनवणाऱ्या कंपनीकडून क्ष-किरणांच्या साहाय्याने प्लेटवर सिंहाची खूण आधीच उमटवून घेतली. प्लेट धुतल्यावर ती खूण दिसायला हवी होती. होप यांनी परत दिलेल्या प्लेटवर आत्मा होता, सिंह मात्र नव्हता. प्लेट बदलली गेली होती. डॉयल यांनी तरीही होप यांची बाजू घेतली आणि त्यांच्या समर्थनार्थ पुस्तक लिहिले.

स्वतःची प्रयोगशाळा हवी म्हणून प्राइस यांनी १९२६ च्या सुमारास लंडनमध्ये नॅशनल लॅबोरेटरी ऑफ सायकिकल रिसर्च सुरू केली. गंमत अशी, की तिची जागा लंडन स्पिरिच्युअलिस्ट अलायन्स या परलोकवादी संस्थेच्याच इमारतीत होती. याच वर्षी त्यांनी एलेओनोरे झुगुन या रुमानियन मुलीला व्हिएन्नाहून लंडनला आणले. तिच्या आसपास वस्तू आपोआप हलत आणि तिच्या अंगावर ओरखडे व चावल्याच्या खुणा उठत, असे सांगितले जाई. दगड पडणे, कपडे पेटणे, अंगावर फुल्या उमटणे अशा ज्या प्रकारांना मराठवाड्यात भानामती म्हणतात, त्यांचेच हे युरोपीय रूप होय. जर्मन भाषेतून आलेला पोल्टरगाइस्ट हा शब्द त्यासाठी रूढ आहे. महाराष्ट्रातील अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी पुढे भानामतीच्या घरी जाऊन, घरातील प्रत्येकाशी बोलून, त्यामागचा मानवी हात व त्या माणसाची घुसमट शोधण्याची पद्धत अवलंबिली. प्राइस यांचा भर मात्र उपकरणांवर राहिला; त्या मुलीच्या मनात काय चालले आहे हा प्रश्न त्यांच्या लेखनात दुय्यम ठरला.

१९३१ मध्ये स्कॉटलंडच्या हेलन डंकन या माध्यमाची त्यांनी तपासणी केली. तिच्या तोंडातून बाहेर येणारा पांढरा पदार्थ म्हणजे आत्म्याचे दृश्य रूप, असा तिचा दावा होता. तुकड्यांची परीक्षा केल्यावर ते जाळीदार सुती कापड असल्याचे दिसले. ती ते गिळून नंतर ओकून काढत असावी, असा निष्कर्ष प्राइस यांनी काढला. क्ष-किरण तपासणीची वेळ येताच ती किंचाळत रस्त्यावर पळाली. १९४४ मध्ये १७३५ च्या जादूटोणा कायद्यान्वये तिच्यावर खटला चालला, तेव्हा प्राइस सरकारी पक्षाचे साक्षीदार होते. तिला नऊ महिन्यांची कैद झाली.

ऑस्ट्रियन माध्यम रूडी श्नायडर याच्या बाबतीत प्रकरण असे सरळ राहिले नाही. १९२९ नंतरच्या बैठकांमध्ये रूडीचे हातपाय विजेच्या मंडलाला जोडून ठेवले जात आणि प्राइस यांनी त्याला आधी खरा ठरवले. पुढे १९३२ मधील एका बैठकीत आपोआप टिपलेल्या छायाचित्रात त्याचा एक हात मोकळा दिसला. ते छायाचित्र प्राइस यांनी जवळजवळ वर्षभराने प्रसिद्ध केले. इतका विलंब का, हा प्रश्न सहकाऱ्यांनी तेव्हाच विचारला. छायाचित्राच्या खरेपणाविषयीही नंतरच्या काळात शंका घेतली गेली.

प्रसिद्धी आणि प्रयोग

प्राइस यांना वृत्तपत्रांचे चांगले भान होते. ५ ऑक्टोबर १९३० रोजी आर-१०१ हे ब्रिटिश हवाईजहाज भारताकडे येत असताना फ्रान्समधील बोव्हे येथे कोसळले व ४८ जण मृत्युमुखी पडले. दोनच दिवसांनी आयलीन गॅरेट या माध्यमाच्या तोंडून जहाजाचे कप्तान अर्विन बोलल्याची बैठक प्राइस यांच्याच प्रयोगशाळेत झाली आणि ती जगभर गाजली. जून १९३२ मध्ये गटेच्या स्मृतिशताब्दीनिमित्त जर्मनीतील ब्रोकेन पर्वतावर एका जुन्या मंत्रविधीनुसार बोकडाचे रूपांतर तरुणात करण्याचा प्रयोग त्यांनी केला. तत्त्वज्ञ सी. ई. एम. जोड त्यांच्यासोबत होते. बोकड बोकडच राहिला. हे सर्व अंधश्रद्धेचे खंडन म्हणून करीत असल्याचे प्राइस यांचे म्हणणे होते. विद्यापीठीय वर्तुळात मात्र त्यांचे हसे झाले.

या काळातील काही प्रकरणांचा भारताशी संबंध आहे. काश्मीरमधून आलेले जादूगार खुदाबक्ष, जे तेथे कुडा बक्स या नावाने प्रसिद्ध होते, सप्टेंबर १९३५ मध्ये सरे काउंटीतील कारशॉल्टन येथे डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ व पत्रकारांसमोर धगधगत्या निखाऱ्यांच्या चरातून अनवाणी चालले. निखाऱ्यांच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ४३० अंश सेल्सिअस मोजले गेले. चालण्याआधी व नंतर त्यांचे तळपाय धुऊन तपासण्यात आले. फोड आले नाहीत. १९३७ मध्ये कानपूरचे अहमद हुसेन यांच्यासह हाच प्रयोग पुन्हा करण्यात आला आणि काही इंग्लिश हौशी मंडळीही निखाऱ्यांवरून चालली. लाकडी निखाऱ्यातून उष्णता सावकाश वाहते आणि पाय क्षणभरच टेकतो, म्हणून ठरावीक पावलांपर्यंत भाजत नाही, यात मंत्र वा श्रद्धा लागत नाही, हा या प्रयोगांचा निष्कर्ष आजही ग्राह्य धरला जातो. जत्रेत विस्तवावरून चालणारे भक्त पाहिलेल्या मराठी वाचकाला प्राइस यांच्या सर्व कामांपैकी हेच सर्वाधिक जवळचे वाटेल. ते कदाचित त्यांचे सर्वांत भक्कम कामही आहे, कारण येथे सर्व मोजमापे अनेकांच्या डोळ्यांदेखत झाली.

दुसरे प्रकरण मुंगसाचे. आइल ऑफ मॅन बेटावरील एका एकाकी शेतघरात गेफ नावाचे बोलणारे मुंगूस राहते आणि आपला जन्म १८५२ साली दिल्लीत झाल्याचे ते सांगते, अशी बातमी होती. १९३५ मध्ये प्राइस हे संपादक आर. एस. लँबर्ट यांच्यासह तेथे गेले. मुंगूस दिसले नाही. त्याचे म्हणून पाठवलेले केस घरातील कुत्र्याच्या केसांशी जुळले. या भेटीवरील पुस्तक १९३६ मध्ये निघाले. मुंगसावर विश्वास ठेवणारा माणूस म्हणून झालेल्या बदनामीविरुद्ध लँबर्ट न्यायालयात गेले आणि त्यांना ७,५०० पौंडांची भरपाई मिळाली.

१० मार्च १९३६ रोजी केंट काउंटीतील डीन मॅनर या जुन्या वाड्यातून बीबीसीने प्राइस यांच्या भूतशोधाचे थेट प्रक्षेपण केले. झपाटलेल्या घरातून झालेले हे पहिले थेट प्रक्षेपण मानले जाते. श्रोत्यांना विशेष काही ऐकू आले नाही. त्याच वर्षी आलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ घोस्ट हंटर’ या पुस्तकात प्राइस यांनी भूतशोधकाच्या पेटीची यादी दिली. पावलांचा आवाज होऊ नये म्हणून नमद्याचे जोडे, पोलादी मोजपट्टी, दारे-खिडक्या बंद करण्यासाठी दोरी व शिशाची मोहर, विजेच्या छोट्या घंटा, कॅमेरा, जमिनीची थरथर टिपण्यासाठी पाऱ्याचे वाडगे आणि कोणी बेशुद्ध पडल्यास ब्रँडीची कुपी. आजच्या हौशी मंडळींच्या बॅगेतील इन्फ्रारेड कॅमेरे व ध्वनिमुद्रक हे याच यादीचे वंशज आहेत.

बोर्ली रेक्टरी

बोर्ली हे इसेक्स आणि सफोक यांच्या सीमेवरील छोटे खेडे आहे. तेथील चर्चच्या धर्मगुरूंसाठी रेव्हरंड हेन्री बुल यांनी १८६२-६३ मध्ये लाल विटांची मोठी इमारत बांधली. तिला रेक्टरी म्हणजे धर्मगुरूंचे निवासस्थान म्हणत. बुल यांना चौदा अपत्ये होती. मठातील भिक्षूशी प्रेम केल्यामुळे भिंतीत जिवंत चिणलेली एक जोगीण तेथे फिरते, अशी दंतकथा गावात होती. बोर्लीत असा मठ असल्याचा पुरावा मात्र नाही. २८ जुलै १९०० रोजी सायंकाळी बुल यांच्या चार मुलींनी बागेच्या वाटेवर जोगिणीची आकृती पाहिल्याचे सांगितले. बुल पितापुत्रांच्या मृत्यूनंतर भारतातून इंग्लंडला आलेले रेव्हरंड एरिक स्मिथ १९२८ मध्ये सपत्नीक येथे राहावयास आले. अंधाऱ्या, गळक्या घरातील आवाजांनी त्रासून त्यांनी ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राकडे मदत मागितली. वृत्तपत्राने बातमीदार पाठवला आणि पाठोपाठ १२ जून १९२९ रोजी प्राइस तेथे पोहोचले.

ते आले त्याच दिवसापासून घरात दगड व फुलदाणी भिरकावली जाण्यासारखे प्रकार सुरू झाले. स्मिथ दांपत्याच्या मते असे त्याआधी कधी घडले नव्हते. महिनाभरात त्यांनी घर सोडले. या भेटीत अंगावर दगड येताच आपण प्राइस यांच्या कोटाचे खिसे चाचपले व ते खड्यांनी भरलेले निघाले, असे चार्ल्स सटन या पत्रकाराने प्राइस यांच्या मृत्यूनंतर लिहिले. सटन यांनी हे तेव्हाच का छापले नाही, हा प्रश्न प्राइस यांचे समर्थक विचारतात.

ऑक्टोबर १९३० मध्ये रेव्हरंड लायनेल फॉयस्टर, त्यांच्या तरुण पत्नी मॅरिअन आणि दत्तक मुलगी तेथे आली. पुढील पाच वर्षांत सुमारे दोन हजार अद्भुत घटना घडल्याचा अंदाज प्राइस यांनी दिला आहे. बाटल्या फुटत, घंटा वाजत, मॅरिअन अंथरुणातून फेकल्या जात आणि भिंतींवर त्यांना उद्देशून मदतीची याचना करणारी वेडीवाकडी अक्षरे उमटत. १९३१ मध्ये प्रत्यक्ष भेट देऊन प्राइस यांनी हे मॅरिअन स्वतःच करीत असल्याचे मत बनवले आणि ते फॉयस्टर यांना बोलूनही दाखवले. घरातील एका भाडेकरूशी असलेले संबंध झाकण्यासाठी आपण भुताटकीचे निमित्त वापरल्याचे मॅरिअन यांनी पुढे मान्य केले. प्राइस यांच्या पुस्तकात मात्र याच पाच वर्षांना सर्वांत विलक्षण पर्वाचे स्थान मिळाले आणि त्यांचा स्वतःचा संशय बाजूला पडला. त्यांच्या प्रामाणिकपणावरील आक्षेपांत हा मुद्दा सर्वांत वजनदार आहे, कारण तो खिशातील खड्यांप्रमाणे कोणाच्या आठवणीवर अवलंबून नाही.

मे १९३७ मध्ये प्राइस यांनी रिकामी पडलेली रेक्टरी वर्षभरासाठी भाड्याने घेतली आणि ‘द टाइम्स’मध्ये जाहिरात देऊन निरीक्षक मागवले. ४८ जणांची निवड झाली. त्यांत बहुसंख्य विद्यार्थी होते. त्यांना निळ्या मुखपृष्ठाची सूचनापुस्तिका देण्यात आली. वस्तूंभोवती खडूने रेघा आखणे, दारे मोहोरबंद करणे, तापमान व वेळ नोंदवणे अशी कामे त्यात होती. हौशी नागरिकांकडून एका वास्तूचे असे दीर्घ, आखीव निरीक्षण यापूर्वी झाले नव्हते. स्वतः प्राइस या काळात तेथे क्वचितच गेले. बहुतेक रात्री काहीच घडले नाही. काही ठोके, भिंतीवरील पेन्सिलीच्या नव्या रेघा, थोडे हललेले सामान एवढीच नोंद झाली. मार्च १९३८ मध्ये निरीक्षक सिडनी ग्लॅनव्हिल यांच्या मुलीने लंडनमध्ये केलेल्या प्लँचेटमध्ये जोगिणीचे नाव मेरी लेअर असल्याचे आणि त्याच रात्री रेक्टरीला आग लागणार असल्याचे कळले म्हणतात. आग लागली ती अकरा महिन्यांनी, २७ फेब्रुवारी १९३९ रोजी. नवे मालक कॅप्टन ग्रेगसन यांच्या हातून दिवा पडल्याने ती लागली असे सांगण्यात आले; विमा कंपनीला ती मुद्दाम लावलेली वाटली.

‘द मोस्ट हॉन्टेड हाउस इन इंग्लंड’ हे पुस्तक १९४० मध्ये, लंडनवर बॉम्ब पडण्याच्या दिवसांत निघाले आणि प्रचंड खपले. ऑगस्ट १९४३ मध्ये प्राइस यांनी तळघर उकरून काही हाडे काढली. ती एका तरुण स्त्रीची असल्याचे सांगण्यात आले. गावकऱ्यांनी ती डुकराची मानल्याने बोर्लीच्या चर्चने दफनास नकार दिला, असे म्हणतात. अखेर २९ मे १९४५ रोजी लिस्टन येथे त्यांचे दफन झाले. एप्रिल १९४४ मध्ये पाडकाम चालू असताना ‘लाइफ’ नियतकालिकाच्या छायाचित्रकाराने टिपलेल्या चित्रात एक वीट हवेत तरंगताना दिसते. १९४६ च्या ‘द एंड ऑफ बोर्ली रेक्टरी’ या पुस्तकात प्राइस यांनी ते अद्भुत शक्यता म्हणून छापले. ती वीट भिंतीमागचा मजूर फेकत होता, असे त्या वेळी हजर असलेल्या नियतकालिकाच्या प्रतिनिधीने नंतर सांगितले.

मृत्यू व त्यानंतरचा वाद

२९ मार्च १९४८ रोजी पुलबरो येथील घरी हृदयविकाराच्या झटक्याने प्राइस यांचे निधन झाले. बोर्लीवरील तिसऱ्या पुस्तकाची तयारी चालू होती.

१९५६ मध्ये सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चच्या वतीने एरिक डिंगवॉल, कॅथलीन गोल्डनी आणि ट्रेव्हर हॉल यांचा बोर्लीवरील अहवाल आला. डिंगवॉल व गोल्डनी यांनी एके काळी प्राइस यांच्यासह काम केले होते. उंदीर, वारा, घराच्या रचनेमुळे दूरवरून येणारे आवाज, गावातील पोरांच्या खोड्या आणि अफवांची सवय यांतून बहुतेक घटनांचा उलगडा होतो, असे त्यांचे म्हणणे होते. काही घटनांबाबत त्यांनी संशयाचे बोट थेट प्राइस यांच्याकडे वळवले. १९६९ मध्ये रॉबर्ट हेस्टिंग्ज यांनी त्याच संस्थेच्या प्रकाशनात प्राइस यांची बाजू मांडून अनेक आरोप पुराव्याअभावी टिकत नसल्याचे दाखवले. हॉल यांचे कठोर चरित्र १९७८ मध्ये, तर रिचर्ड मॉरिस यांचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

बोर्लीची इमारत आज नाही. तरीही हौशी मंडळी रात्री गावात येत राहिली आणि चर्चच्या आवारातील त्यांच्या वावराचा ग्रामस्थांना उपद्रव झाला. पुण्याच्या शनिवारवाड्यात पौर्णिमेच्या रात्री नारायणराव पेशव्यांची हाक ऐकू येते, या समजुतीपोटी येणाऱ्या हौशी शोधकांची जातकुळीही हीच. ३० ऑगस्ट १७७३ च्या खुनाची कागदपत्रे तरी उपलब्ध आहेत; बोर्लीच्या जोगिणीला तेवढाही आधार नाही.

जादू, फसवणूक व परलोकविद्या या विषयांवरील हजारो दुर्मीळ ग्रंथांचा प्राइस यांचा संग्रह लंडन विद्यापीठाच्या सेनेट हाउस ग्रंथालयात आहे. तेथील त्यांच्या कागदपत्रांत बोर्लीच्या निरीक्षकांचे मूळ अहवाल, पत्रे व छायाचित्रे असून, त्यांच्यावर आरोप करणाऱ्यांनी आणि त्यांचा बचाव करणाऱ्यांनी मुख्यतः हीच सामग्री वापरली आहे.